बाईंना सगळं आधीच कळलेलं असतं: वीस मिनिटांच्या एका जुन्या विनोदपटाची रचना

11 ऑक्टोबर 1930 रोजी अमेरिकेत 'टीचर्स पेट' नावाचा एक छोटा बोलपट प्रदर्शित झाला. शाळेचा पहिला दिवस आहे. मुलांच्या आवडत्या बाई, मिस मॅकगिलिकडी, लग्न करून निघून गेल्या आहेत आणि त्यांच्या जागी कुणी मिस क्रॅबट्री येणार आहेत. इंग्रजीत 'क्रॅब' म्हणजे खेकडा आणि सतत चिडचिड करणारा माणूसही, त्यामुळे नुसत्या नावावरून मुलांनी एक खाष्ट म्हातारी डोळ्यांपुढे उभी केली आहे. जॅकी नावाचा मुलगा तिचा समाचार घ्यायची जय्यत तयारी करतो: पांढरा उंदीर, शिंका आणणारी पूड, लाल मुंग्या. शिवाय वर्गातून सुटण्यासाठी धाकटी भावंडं मध्येच येऊन घरून बोलावणं आल्याचा निरोप देणार, असंही ठरतं. शाळेच्या वाटेवर एक सुंदर तरुणी त्याला आपल्या मोटारीत बसवून घेते. जॅकी तिला सगळा बेत मोठ्या अभिमानाने सांगून टाकतो. वर्गात येऊन पाहतो तर टेबलामागे तीच उभी.

गोष्ट एवढीच. तिच्यात नवीन काही नाही, आणि नवी मास्तरीण नि व्रात्य मुलं हा मामला तर शाळांइतकाच जुना असेल. तरीही नव्वदहून अधिक वर्षांनी हा चित्रपट पाहताना आधी हसू येतं आणि शेवटी घशात आवंढा येतो. असं का होतं? माझ्या मते त्याचं उत्तर खोड्यांमध्ये नाही. कोणत्या क्षणी कुणाला काय माहीत आहे, याची जी मांडणी या चित्रपटात केली आहे तिच्यात ते आहे. ती मांडणी उलगडून पाहायची तर आधी हे छोटे चित्रपट कसे आणि कशासाठी बनत, ते समजून घ्यावं लागेल.

त्या काळात तिकीट काढून थिएटरात गेलेल्या माणसाला एकच चित्रपट दाखवत नसत. आधी बातमीपट, मग व्यंगचित्रपट, मग एखादा छोटा विनोदपट आणि त्यानंतर मुख्य चित्रपट, असा भरगच्च कार्यक्रम असे. या छोट्या विनोदपटांची लांबी रिळांवर मोजत. 35 मिलिमीटरच्या फिल्मचं एक रीळ साधारण 1000 फुटांचं. बोलपटात सेकंदाला 24 चौकटी सरकतात आणि एका फुटात 16 चौकटी मावतात, म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म खर्च होते. या हिशेबाने एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. विनोदपटाचं नेहमीचं माप दोन रिळांचं, म्हणजे वीस मिनिटांच्या आसपास. लेखकाला आणि दिग्दर्शकाला ही चौकट ठरवून दिलेली असे. त्यात पात्रांची ओळख, गुंता आणि उकल सगळं बसवायचं. पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला गोष्टीची दिशा कळली नाही, तर सावरायला पुढे वेळच नसतो.

'टीचर्स पेट' ज्या मालिकेतला आहे तिचं नाव 'अवर गँग'. निर्माता हॅल रोच, स्टुडिओ कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत. लॉरेल आणि हार्डी ही जोडगोळीही याच स्टुडिओची. रोचने 1922 मध्ये मुलांची मालिका सुरू केली. तिच्या जन्माची जी हकीकत तो सांगत असे ती अशी: एक मुलगी चाचणीसाठी आली होती. चेहऱ्यावर रंगरंगोटी, घोटून घेतलेले हावभाव. तो कंटाळला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. समोरच्या लाकडाच्या वखारीपाशी काही पोरं लाकडाच्या तुकड्यांवरून भांडत होती आणि तो बराच वेळ त्यांच्याकडेच बघत राहिला. पोरांचं भांडण आपल्याला इतका वेळ खिळवून ठेवतं, तर लोकांना का नाही ठेवणार? 1944 पर्यंत या मालिकेत 220 छोटे चित्रपट झाले. मुलं मोठी होत, बाहेर पडत, त्यांच्या जागी नवी येत. वर्ग तोच, विद्यार्थी दरवर्षी वेगळे.

या मुलांना घडवणारा दिग्दर्शक म्हणजे रॉबर्ट मॅकगोवन. मूकपटांच्या काळात त्याची पद्धत साधी आणि फार परिणामकारक होती. लहानग्यांना तो पटकथा वाचायला देत नसे, त्यांतल्या कित्येकांना वाचताही येत नसे. प्रसंग खेळासारखा समजावून सांगायचा, कॅमेरा सुरू करायचा आणि तो चालू असतानाच बाजूने ओरडून सूचना द्यायच्या: आता मागे बघ, आता घाबर, आता पळ. फिल्मवर आवाज उमटतच नसल्याने दिग्दर्शकाच्या आरडाओरड्याने काही बिघडत नसे. मुलं त्या क्षणी खरोखरच ऐकत, दचकत, हसत.

1929 मध्ये मालिकेत आवाज आला आणि ही पद्धत एका फटक्यात निकालात निघाली. सेटवर चिडीचूप शांतता हवी. दिग्दर्शकाने तोंड उघडलं की त्याचाच आवाज नोंदला जाणार. मुलांनी संवाद पाठ करायचे, ठरलेल्या जागी थांबायचं, एकमेकांचं वाक्य संपेपर्यंत धीर धरायचा. सुरुवातीच्या बोलपटांत याचा ताण स्पष्ट जाणवतो. मुलं धडा म्हणून दाखवल्यासारखी बोलतात आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. अनेक चांगले मूकपट कलावंत याच खिंडीत अडकले. लहान मुलांचं तर विचारायलाच नको.

'टीचर्स पेट' मला महत्त्वाचा वाटतो तो इथे. त्यात ही अडचण सुटलेली दिसते, आणि ती सुटते ती गोष्ट बोलण्यावरच उभी केल्यामुळे. मुलगा मोटारीत बसतो आणि बडबड करतो. लहान मुलं ओळख झाली की हेच करतात, त्यासाठी धावपळ नको की पडापडी नको. आवाजाच्या यंत्राने कलावंतांना जागेवर खिळवलं, तर लेखकाने त्या बसून राहण्यातूनच प्रसंग काढला. संवाद एच. एम. वॉकर यांचे. मूकपटांच्या काळात ते पडद्यावरच्या पाट्या लिहीत, म्हणजे कमीत कमी शब्दांत काम भागवायची सवय त्यांना आधीपासूनच होती.

(काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. हा चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे पडदा अजून मुकाच होता. 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो 14 मार्च 1931 ला आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' 1932 मध्ये. प्रभातने तो मराठीत आणि हिंदीत असा वेगवेगळा चित्रित केला होता. रोचच्या स्टुडिओतही तेव्हा तेच चालू होतं. लॉरेल आणि हार्डी एकच गोष्ट इंग्रजीत आणि मग स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन भाषेत पुन्हा पुन्हा करत. दुसरी भाषा मागाहून चढवण्याचं तंत्र हाताशी नव्हतं, तेव्हा दोन्ही ठिकाणी लोकांनी हाच मार्ग काढला.)

आता त्या मोटारीतल्या प्रसंगाकडे नीट बघू.

समजा, लेखकाने हा प्रसंग ठेवलाच नसता. जॅकी उंदीर-मुंग्या घेऊन थेट वर्गात आला असता, खाष्ट म्हातारीऐवजी सुंदर बाई दिसल्या असत्या आणि तो चकित झाला असता. प्रेक्षकही त्याच्याबरोबर चकित झाला असता. एक धक्का, एक हशा, विषय संपला. अचंबा हा विनोदाचा सर्वांत सोपा प्रकार आहे आणि तो एकदाच फुटतो.

त्याऐवजी लेखकाने बाईंना आधी आणलं. मोटारीत बसलेल्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याची ओळख नाही. बाईंना हा मुलगा कोण आणि काय करणार आहे ते कळत जातं, त्याला मात्र त्या कोण याचा पत्ताही नाही. आणि आपण? ही तरुणी कोण असणार हे आपण चटकन ओळखतो. म्हणजे आपण बाईंच्या बाजूला जाऊन बसतो. या क्षणापासून जॅकीचा प्रत्येक शब्द दुहेरी होतो. त्याच्या दृष्टीने ती फुशारकी असते, आपल्या दृष्टीने तो स्वतःच्या हाताने खणत असलेला खड्डा असतो. तो जितका खुलतो तितके आपण हसतो आणि तितकेच आपल्याला त्याचे तोंड दाबावंसं वाटतं. अचंब्याचा हशा एका क्षणाचा, पण हा हशा मिनिटामागून मिनिट ताणता येतो, कारण पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे आणि ते कधी होणार याची आपण वाट पाहतो आहोत.

आपल्या तमाशाच्या वगात किंवा विनोदी नाटकात वेषांतर केलेल्या माणसासमोरच दुसरा त्याची निंदा करू लागतो, तेव्हा नाट्यगृह असंच हसत असतं. तंत्र जुनंच आहे. इथे त्यात एक वेगळी गोष्ट घातली आहे आणि सगळा चित्रपट तिच्यावर तोलला आहे: जॅकीला ती बाई मनापासून आवडली आहे.

तो तिला बेत सांगतो तो केवळ बढाई म्हणून नाही. त्याला तिच्यावर छाप पाडायची आहे. एका मोठ्या, सुंदर, प्रेमळ माणसाने आपल्याला शेजारी बसवून घेतलं, आपलं ऐकून घेतलं, याचं अप्रूप त्याच्या चेहऱ्यावर आहे. म्हणून वर्गात जेव्हा उलगडा होतो, तेव्हा त्याला शिक्षेची भीती वाटते हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट घडलेली असते. जिच्या नजरेत भरायचं होतं, तिच्याच नजरेतून तो उतरला आहे. खोडी पकडली गेलेला मुलगा आणि लाज वाटलेला मुलगा यांत फार अंतर असतं. पहिल्याला आपण हसतो. दुसऱ्याकडे बघताना हसू आपोआप थांबतं.

पुढचा भागही याच हिशेबाने बांधला आहे. धाकटी भावंडं ठरल्याप्रमाणे खोटे निरोप घेऊन येतात. बाईंना सगळं ठाऊक आहे. त्या रागावत नाहीत, मुलांना जायची परवानगी देतात. पण त्यांनी पहिल्या दिवसासाठी सगळ्या वर्गाला केक आणि आइस्क्रीम आणलेलं आहे. सुटकेचा बेत फसत नाही, तो पूर्ण यशस्वी होतो आणि तीच शिक्षा ठरते. ही कल्पना मला अतिशय देखणी वाटते. छडी नाही, ओरडणं नाही, उपदेशाचा एक शब्द नाही. मुलांनी जे मागितलं तेच त्यांना मिळालं.

शेवटी जॅकी बाहेर झाडापाशी रडत असतो. बाई त्याच्या वाटणीचा खाऊ घेऊन त्याच्यापाशी येतात. तो डोळे पुसत त्यांना सांगतो की तुम्ही फार सुंदर आहात, मिस मॅकगिलिकडींपेक्षाही. चित्रपट तिथे थांबतो. मिस मॅकगिलिकडींचं नाव सुरुवातीला येऊन गेलेलं असतं, आधीच्या बाई गेल्याचं दुःख म्हणून. त्या नावाशी तुलना म्हणजे त्या मुलाकडून मिळू शकणारी सर्वोच्च पदवी. वीस मिनिटांच्या चौकटीत एकही धागा वाया जाऊ द्यायचा नाही म्हणतात, तो असा.

जॅकी कूपरचं वय तेव्हा आठच्या आसपास होतं. त्याचं रडणं खोटं वाटत नाही. पुढच्याच वर्षी 'स्किपी' या चित्रपटासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही वयाच्या नवव्या वर्षी. प्रमुख भूमिकेसाठी त्याच्याहून लहान वयात नामांकन मिळालेला कलावंत आजवर दुसरा नाही. मात्र 'स्किपी'मधले अश्रू कसे काढले गेले हे त्याने मोठेपणी आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्याच्या कुत्र्याला गोळी घालू अशी धमकी त्याला देण्यात आली होती. त्या आत्मचरित्राचं नावही त्याच प्रसंगावरून आहे. जुन्या बालचित्रपटांतली निरागसता पाहताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही, आणि वाचकांनीही ती माहीत असू द्यावी असं मला वाटतं. 'अवर गँग'मधल्या मुलांना आठवड्याचा पगार मिळे. पण पुढे हे चित्रपट टेलिव्हिजनवर वर्षानुवर्षं दाखवले गेले, त्यातलं काही त्यांच्या हाती पडलं नाही.

मिस क्रॅबट्री झालेली जून मार्लो मूकपटांत काम करून आलेली होती. रिन टिन टिन या प्रसिद्ध कुत्र्याबरोबरचे तिचे चित्रपट गाजले होते. तिचे स्वतःचे केस गडद होते, या भूमिकेसाठी तिला सोनेरी टोप घालावा लागला. पडद्यावरच्या या बाईंखेरीज मुलांना एक खऱ्या बाईही होत्या. फर्न कार्टर यांनी स्टुडिओच्या आवारात या मुलांना अनेक वर्षं शिकवलं. कॅमेऱ्यासमोर वर्गात बसायचं आणि तिथून उठून खऱ्या वर्गात जायचं, असा त्या मुलांचा दिवस.

आता या वर्गाविषयी, कारण तो वर्ग साधा नव्हता. फॅरिना आणि स्टायमी, म्हणजे ॲलन हॉस्किन्स आणि मॅथ्यू बिअर्ड, ही कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांच्या बरोबरीने त्या टोळीत आहेत, त्याच कटात सामील आहेत आणि त्याच शिक्षेचे वाटेकरी आहेत. 1930 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. तो भेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये दिला. म्हणजे पडद्यावरची ही शाळा दक्षिणेतल्या खऱ्या शाळांच्या चोवीस वर्षं पुढे होती. त्याच वेळी हेही खरं की या मालिकेत कृष्णवर्णीय मुलांवर बेतलेले कितीतरी विनोद त्यांच्या वंशाची टिंगल करणारे आहेत आणि आज ते पाहताना मन खट्टू होतं. 1971 मध्ये वितरकांनी टेलिव्हिजनसाठी असे भाग कापले, काही चित्रपट तर वगळूनच टाकले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीच्या आड दुसरी लपवणं योग्य नाही.

हा प्रश्न किती खोल होता ते एका उदाहरणावरून कळेल. हॅल रोचने 1938 मध्ये 'अवर गँग' एमजीएम कंपनीला विकली. पुढे 1947 मध्ये त्याने तसाच मुलांचा नवा चित्रपट काढला, 'कर्ली'. त्यातही शाळा, नव्या बाई आणि खोड्या. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराचे सेन्सॉर प्रमुख लॉइड बिनफर्ड यांनी त्यावर बंदी घातली. कारण एवढंच की त्यात काळी आणि गोरी मुलं एकत्र शाळेत दिसतात. ज्या दृश्याकडे आपण गोड विनोद म्हणून पाहतो ते एका शहराला सतरा वर्षांनंतरही सोसत नव्हतं.

'टीचर्स पेट'नंतर लगेच बाईंचे आणखी दोन चित्रपट आले. 'स्कूल्स आउट'मध्ये बाई लग्न करून निघून जातील या धास्तीने मुलं कासावीस होतात आणि त्यांच्या भावालाच होणारा नवरा समजतात. 1931 च्या 'लव्ह बिझनेस'मध्ये बाई जॅकीच्याच घरी राहायला येतात. जॅकीबरोबर गुबगुबीत नॉर्मन चेनीही त्यांच्या प्रेमात पडलेला असतो आणि मनातलं सांगायची तालीम तो ग्रेटा गार्बो या त्या काळच्या प्रसिद्ध नटीच्या पुठ्ठ्याच्या चित्रासमोर करतो. आधीचा पाया इतका पक्का की आता कट रचायची गरजच उरत नाही, बाईंचं असणं हाच विषय होतो. लेरॉय शील्डने बांधलेली मालिकेची ती सुप्रसिद्ध सुरावटही 'टीचर्स पेट'पासूनच ऐकू येऊ लागली.

रचना म्हणजे काय हे स्वतः पडताळून पाहायचं असेल, तर 'टीचर्स पेट' आणि 1936 चा 'बोअर्ड ऑफ एज्युकेशन' लागोपाठ पाहावेत. एका तिकिटात दोन मुख्य चित्रपट दाखवायची चाल थिएटरांत रुळली तशी दोन रिळांच्या विनोदपटांना जागा उरली नाही. तेव्हा रोचने ही मालिका एका रिळावर आणली आणि सुरुवात याच गोष्टीच्या नव्या रूपाने केली. दिग्दर्शक गॉर्डन डग्लस. शाळेचा पहिला दिवस, नव्या बाई, सुटण्याचा बेत आणि आइस्क्रीम, सगळं तेच. स्पँकी आणि अल्फाल्फा ही मालिकेतली नंतरची मुलं दातदुखीचं सोंग करतात. या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, संपूर्ण मालिकेतलं ते एकमेव.

तो वेगवान आहे, नेटका आहे, खूप हसवतो. पण त्यात बाई मुलांचा बेत चोरून ऐकतात. मुलं कुणापाशी मन मोकळं करत नाहीत, म्हणून उघडं पडल्यावर त्यांना चुटपुट लागते ती हुकलेल्या आइस्क्रीमची. जॅकीने आपणहून, विश्वासाने सांगितलं होतं. एवढा एकच बदल झाला आणि तीच गोष्ट विनोदपटाची गंमत होऊन राहिली. 'टीचर्स पेट'ला ऑस्कर नाही, तरी मला विचाराल तर मी त्याच्याच बाजूने उभा राहीन. आधी 1930 चा पाहा. शक्यतो न कापलेली प्रत मिळवा, आणि मोटारीतल्या प्रसंगात जॅकी बोलत असताना बाईंचा चेहरा बघत राहा.